काखेतल्या पाण्याबद्दल

ती. आईस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर मी "पाणी झालंय" म्हणाले आणि त्यापुढचं तू काही ऐकलंच नाहीस. तू रडायला लागलीस, मग मीही. म्हणून आता लिहूनच कळवते. दादाकडून वाचून घेऊ नकोस, तो मधलं गाळतो. चष्मा लावून स्वतः वाच.

आधी तुझ्या मनातलं. हे पाणी म्हणजे आजार उलटलेला नाही. स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या 14 लसीका ग्रंथी काढल्या, तिथे आत पोकळी राहिली. ग्रंथींना जोडलेल्या बारीक नळ्याही कापल्या जातात, त्यातून पाझरणारं पाणी त्या पोकळीत साठतं. त्याला सिरोमा म्हणतात. या ऑपरेशननंतर तो बऱ्याच जणींना होतो.

आधी पाणी बाहेर काढायला काखेत नळी बसवली होती तेव्हा साठत नव्हतं. नळीच्या टोकाला रबरी फुगा. तो रिकामा करायचा, मुठीत दाबून हवा काढायची आणि दाबलेला असतानाच बूच लावायचं, म्हणजे तो आतून ओढत राहतो. हे काम ह्यांनी केलं, रोज किती मिली ते वहीत मांडून. घरखर्च कधी लिहिला नाही या माणसाने! आधी लालसर, मग गुलाबी, शेवटी वाळल्या गवतासारखं पिवळं. सलग दोन दिवस 30 मिलीच्या आत आलं तेव्हा, नवव्या दिवशी, नळी काढली.

आणि त्यानंतर तिसऱ्या दिवशी काख फुगली. उशी काखेत धरल्यासारखा हात अंगापासून लांब राहायचा. कुशीवर वळले की आतून डुचुक डुचुक. धाकटी कान लावून बसली आणि म्हणाली, "आई, पुन्हा वळ ना."

सुईचं तू फार मनाला लावून घेतलंस. आई, ती सुई मला कळलीच नाही. तिथली नस दुखावल्यामुळे काख आणि दंडाची आतली बाजू बधिर आहे. नर्सने मोठ्या सिरिंजने 90 मिली ओढलं तेव्हा मी छताकडे बघत होते, फक्त काहीतरी सैल होतंय एवढं जाणवलं. पुढच्या आठवड्यात 60 निघालं. तिसऱ्यांदा तिने बोटांनी चाचपलं आणि म्हणाली, आता राहू दे. दर वेळी सुई घातली की जंतू शिरायची भीती असते, आणि थोडं असेल तर शरीर हळूहळू स्वतःच शोषून घेतं. मला तर काढून टाकलेलंच बरं वाटलं असतं, पण तिचं ऐकलं.

तू सांगितलेला शेक मात्र घेणार नाही, रागावू नकोस. बधिर कातडीला चटका बसला तरी समजत नाही. आणि "हात अजिबात हलवू नकोस" हेही जमणार नाही, खांदा आखडतो. पहिला आठवडा कोपर खांद्याच्या वर न्यायचं नव्हतं, आता रोज भिंतीवर बोटं चालवते. काख लाल झाली, तापली किंवा ताप आला तर त्याच दिवशी जायचं, हे मला पाठ आहे.

तुझ्या मैत्रिणीच्या जावेचा हात सुजला, ते वेगळं. त्यात सबंध हात जड होतो, कधी काही महिन्यांनी, कधी वर्षांनीही. ती भीती मला आहे, खोटं कशाला सांगू? म्हणून ऑपरेशनच्या आधीच दोन्ही हात टेपने मोजून ठेवलेत. अंगठी किंवा बाही घट्ट वाटली तर लगेच सांगायचं आहे.

भिंतीवर पेन्सिलने खुणा करते, बोटं कुठवर पोचली त्याच्या. कालची खूण परवाच्या खाली आली, म्हणून चिडले होते. आज दोन बोटं वर आहे. धाकटीने शेजारी स्वतःची खूण केली आहे, अर्थात माझ्यापेक्षा बरीच खाली, तरी जिंकली म्हणते.

रविवारी फोन करते. आधी तुझ्या गुडघ्याचं सांगायचं, मग माझं विचारायचं.

तुझी,
बबडी