सशांच्या पिंजऱ्याखालच्या सफाईसाठी योग्य अवजारे हवीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शेतीपूरक व्यवसायांसाठी आपण राखून ठेवलेल्या पानावर ससेपालनाची माहिती अधूनमधून येते आणि आमच्या घरी ती आवर्जून वाचली जाते. सोव्हिएत चिंचिला आणि न्यूझीलंड व्हाइट या जातींमधला फरक, मादीचा साधारण ३१ दिवसांचा गर्भकाळ, एका वेतातली पिल्ले, हिरवा चारा आणि खुराक यांचे प्रमाण, हे सारे त्यात असते. मात्र या व्यवसायातले जे काम दिवसातून किमान एकदा करावेच लागते, ज्यावर सशांचे आरोग्य सर्वाधिक अवलंबून असते आणि जे बहुतेक ठिकाणी घरातल्या बायकांच्या वाट्याला येते, त्या कामाविषयी, म्हणजे पिंजऱ्याखालच्या लेंड्या आणि मूत्र काढण्याविषयी, ‘स्वच्छता राखावी’ या दोन शब्दांपलीकडे मला आजवर कोठेही काही वाचायला मिळालेले नाही. ती कशाने राखावी, हा प्रश्न या पत्राद्वारे मांडत आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या वाडीत नऊ वर्षांपासून आम्ही ससे पाळतो. शेडमध्ये दोन मजली रचनेत ४४ पिंजरे आहेत. पिंजरे आणि त्यांचा सांगाडा विकणाऱ्याने पाण्याच्या निपल्स दिल्या, खाद्याची भांडी दिली, पण खालची घाण काढण्यासाठी काहीही दिले नाही. आम्हालाही तेव्हा ते मागण्याचे सुचले नाही. पहिली तीन वर्षे खुरपे, पत्र्याचा तुकडा आणि हिराचा खराटा यांवर काम भागवले. खालच्या मजल्यातील पिंजऱ्याचा तळ जमिनीपासून जेमतेम दीड फूट उंच. तेथे उकिडवे बसून, मान तिरकी करून, हात आत लांबवून पत्नी आणि भावजय रोज दीड तास खरवडत असत. पावसाळ्यात शेतीची कामे एकदम अंगावर आली की हे काम दोन-दोन, चार-चार दिवस लांबणीवर पडे. त्यासाठी मी त्यांना कधीच दोष देणार नाही, कारण वाकून-रांगून करावे लागणारे काम माणूस टाळतो आणि टाळता येते तेवढे टाळतो.

या टाळण्याची किंमत आम्ही दुसऱ्याच पावसाळ्यात मोजली. खालच्या मजल्यातील ससे शिंकू लागले, नाकातून पांढरट स्राव येऊ लागला आणि तो पुसून पुसून त्यांच्या पुढच्या पायांवरचे केस चिकटून गेले. तीन आठवड्यांत अकरा ससे दगावले, त्यांत चार व्यायलेल्या माद्या होत्या. पशुवैद्यक आले तेव्हा त्यांनी सशाला हात लावण्याआधी खालच्या पिंजऱ्यासमोर बैठक मारली आणि मलाही शेजारी बसवले. उभ्याने न जाणवणारा उग्र दर्प त्या उंचीवर डोळ्यांत झोंबत होता. सशाच्या मूत्रातील युरियावर जिवाणूंची क्रिया होऊन अमोनिया तयार होतो, तो श्वासनलिकेचे अस्तर दुखावतो आणि मग पाश्चुरेला या जिवाणूला तेथे घर करायला सोपे जाते, हे त्यांनी समजावून सांगितले. सशाला उभे राहून श्वास घेता येत नाही, तो चोवीस तास त्याच उंचीवर असतो. शिवाय रोज शेडमध्ये वावरणाऱ्या माणसाच्या नाकाला त्या वासाची सवय होते, म्हणून आपल्या नाकावर विसंबण्यात अर्थ नाही. तेव्हापासून आम्ही सकाळी शेड उघडल्याबरोबर, इतर कशालाही हात लावण्याआधी, खालच्या पिंजऱ्याच्या उंचीला बसून वास घेतो.

घाण रोज काढण्याचे दुसरे कारण कॉक्सिडिओसिस या परजीवीमुळे होणाऱ्या रोगाचे. या रोगाच्या परजीवीच्या सूक्ष्म पुटिका लेंड्यांतून बाहेर पडतात, पण बाहेर पडताक्षणी त्या बाधा करण्याजोग्या नसतात; ऊब, ओल आणि हवा मिळाली की साधारण एक ते तीन दिवसांत त्या तशा होतात. कोकणातल्या आषाढात ऊब आणि ओल यांना तोटा नसतो. म्हणून रोज काढलेली घाण आणि चौथ्या दिवशी काढलेली घाण यांत फरक केवळ ढिगाच्या उंचीचा नाही. बाजारातली नेहमीची जंतुनाशके या पुटिकांवर फारसे काम करीत नाहीत. उकळते पाणी, आच आणि कोरडेपणा मात्र करतात. हे ठाऊक नसल्यामुळे आम्ही फिनाईलवर बराच पैसा घालवला.

सहा वर्षांपूर्वी गावातल्या लोहाराकडून आम्ही एक ओढणी, म्हणजे घाण ओढून काढण्याचे लांब दांड्याचे अवजार, करून घेतली. तिचे वर्णन थोडे सविस्तर करतो, कारण तिच्यासारखे साधन हवे असणारे पुष्कळ जण असतील. दोन मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे एक फूट रुंदीचे पाते, पाच फूट लांबीच्या हलक्या पाइपाला वेल्डिंग करून बसवलेले, असे तिचे मूळ रूप होते. पहिल्याच दिवशी तिचा दोष लक्षात आला. सशाच्या लेंड्या गोल आणि टणक असतात. सपाट पाते ओढले की त्या दोन्ही बाजूंनी गडगडत निसटतात आणि निम्मी घाण जागेवरच राहते. मग पात्याच्या दोन्ही कडा दीड-दीड इंच पुढे वळवून घेतल्या, तेव्हा ते उथळ सुपासारखे झाले आणि लेंड्या सोबत येऊ लागल्या. दांडा सरळ ठेवला तर तो खालच्या सांगाड्याला अडतो, म्हणून पात्यापासून सव्वा फुटावर त्याला बाक दिला. पात्याची धार मुद्दाम बोथट ठेवली, नाहीतर कोब्याचा वरचा थर निघतो आणि त्या खड्ड्यांत मूत्र साचते. आता तेच काम उभ्याने पंचवीस मिनिटांत होते आणि, माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे म्हणजे, ते रोज होते. ओढणीमागोमाग लांब दांड्याचा रबरी वायपर फिरवला की मूत्र पन्हळीकडे जाते. खराटा आम्ही शेडमध्ये वापरणे सोडले, कारण कोरड्या घाणीवर तो धूळ आणि केस उडवतो आणि ओल्या घाणीवर तो ती सारवतो.

जमिनीविषयी एक गोष्ट कोकणातल्या वाचकांसाठी सांगितली पाहिजे. आमच्याकडे हौसेने जांभ्याच्या चिऱ्यांची जमीन करतात. चिरा सच्छिद्र असतो आणि मूत्र पितो. मग वरून कितीही खरवडले तरी वास जात नाही. घोटलेला कोबा, त्याला पन्हळीकडे उतार आणि पन्हळ पुरेशी रुंद, म्हणजे फावडे तिच्यात बसेल एवढी, असे नसेल तर चांगले अवजारही निम्मेच काम करील.

वरच्या मजल्याची घाण खालच्या सशांवर पडू नये म्हणून मध्ये उतरता पत्रा बसवतात. या पत्र्यावर काही आठवड्यांत पांढरट, खडूसारखा थर जमतो. ससा खाद्यातले जादा कॅल्शियम मोठ्या प्रमाणावर मूत्रावाटे टाकतो, त्यामुळे त्याचे मूत्र मुळातच गढूळ असते आणि वाळले की त्याचे दगडासारखे पापुद्रे होतात. त्या खडबडीत थरावर लेंड्या घसरत नाहीत, तेथेच अडकतात. हे थर लोखंडी खरवडणीने काढायला गेले की पत्र्याचे जस्त निघते आणि पुढच्या पावसाळ्यात पत्रा गंजतो. आम्ही असे सहा पत्रे वाया घालवले. हा क्षारांचा थर आम्लात विरघळतो, म्हणून व्हिनेगर किंवा पाण्यात कालवलेले लिंबूसत्व लावून अर्धा तास ठेवले आणि मग प्लॅस्टिकची रुंद पट्टी फिरवली की तो सहज सुटतो. नवीन शेड उभारणाऱ्यांनी जस्ती पत्र्याऐवजी जाड प्लॅस्टिकची शीट वापरावी, असे मी सुचवीन.

येथे दोन चुकांबद्दल कळकळीने लिहीत आहे, कारण त्या मी अनेक शेडमध्ये पाहिल्या आहेत आणि पहिली स्वतःही केली आहे. ओल्या घाणीवर चुना भुरभुरवला की जागा पांढरीशुभ्र दिसते, पण चुन्यामुळे अल्कता वाढून अमोनिया उलट अधिक जोराने बाहेर पडतो. चुना लावायचा तो घाण पूर्ण काढून, धुऊन, सुकलेल्या जमिनीला. दुसरी चूक ब्लीचिंग पावडरची. साचलेल्या मूत्रावर ती टाकली तर विषारी वायू तयार होतात, आणि त्याच जागी व्हिनेगरसारखे आम्ल पडले तर क्लोरीन निघतो. बंद शेडमध्ये हे सशांच्या आणि माणसांच्याही जिवावर बेतू शकते. रोजच्या ओलीसाठी भाताचे तूस किंवा लाकडाचा कोरडा भुसा पसरणे पुरेसे आहे, आणि तो खतातही चालतो.

पिंजऱ्याच्या जाळीला चिकटलेले केस हा वेगळाच विषय आहे. माद्या विण्याआधी अंगावरचे केस उपटतात; ते जाळीत गुंततात, त्यांना लेंड्या चिकटतात आणि छिद्रे बुजतात. तारेच्या ब्रशने वरवरचे केस निघतात, उरलेले फ्लेम गनच्या आचेने क्षणात जळतात आणि त्याच आचेने पुटिकाही मरतात. मात्र ससे बाहेर काढून, पिंजरा शेडबाहेर उघड्यावर नेऊन, ज्योत एका जागी न थांबवता भरभर फिरवली पाहिजे, कारण जस्ताचा मुलामा फार तापला तर त्याचा धूर अंगाला बाधतो. तूस, भुसा किंवा गवत जवळपास असता कामा नये. हे साधन महिन्यातून एकदा लागते. दोन-तीन पालकांनी मिळून एक घेतले तरी भागते. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पिंजऱ्याखाली धुण्याची पद्धत मात्र मला ससे जागेवर असताना पूर्णपणे अयोग्य वाटते. ससे भिजतात, शेडमधली दमट हवा वाढते आणि घाणीचे शिंतोडे थेट जाळीपर्यंत उडतात.

अवजारांची स्वतःची स्वच्छताही आली. आम्ही पिल्लांच्या रांगेपासून सुरुवात करतो आणि आजारी सशांची रांग शेवटी घेतो. त्या रांगेची ओढणी वेगळी, तिच्या दांड्याला लाल रंग दिलेला आहे. काम झाले की पाते धुऊन उन्हात उभे करायचे.

आता मागणी. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने आंबा उतरवण्यासाठी नूतन झेला दिला आणि देठासह, इजा न होता फळ काढणे सामान्य बागायतदाराच्या हातात आले. बांबूचा दांडा, जाळी आणि पाते, एवढ्याच साध्या वस्तूंचे ते अवजार आहे. पण त्यामागे काम प्रत्यक्ष कसे चालते याचा विचार आहे. त्याच विद्यापीठाच्या कृषी अभियांत्रिकीच्या जाणकारांनी पिंजऱ्याखालच्या ओढणीचा विचार करावा, तिच्या पात्याची रुंदी, दांड्याचा बाक आणि वजन हे काम रोज करणाऱ्या स्त्रियांच्या हातात देऊन ठरवावे, आणि नकाशा गावोगावच्या लोहारांना मिळेल असा प्रसिद्ध करावा. पिंजरे विकणाऱ्यांनी खालचा मजला जमिनीपासून किमान अडीच फूट उंच ठेवावा आणि सफाईची अवजारे पिंजऱ्यांसोबतच द्यावीत. बँकेला सादर होणाऱ्या प्रकल्प अहवालात पिंजरे, ससे, खाद्य यांच्या रकमा असतात; त्यात ओढणी, वायपर, प्लॅस्टिक शीट, गमबूट आणि मास्क यांसाठीही एक रकाना असावा. एकूण खर्चाच्या मानाने ही रक्कम अगदी किरकोळ आहे. प्रशिक्षण वर्गात पहिल्या दिवशी सहभागी व्यक्तींना खालच्या पिंजऱ्यासमोर दहा मिनिटे बसवावे, अशी माझी विनंती आहे. त्या पशुवैद्यकांनी मला जे बसवून शिकवले ते मी कोणत्याही पुस्तिकेतून शिकलो नव्हतो.

आमच्या ओढणीची मापे वर दिली आहेत. ज्या कोणाला पावसाळ्याआधी ती करून घ्यायची असेल त्याने आपल्या पिंजऱ्याच्या तळाची उंची मोजून दांड्याचा बाक त्याप्रमाणे ठेवावा. उंची एक फुटापेक्षा कमी असेल तर पाते आठ इंचांचे घ्यावे, नाहीतर कोपऱ्यात ते वळत नाही.

आपला,
एक ससेपालक, जि. रत्नागिरी