एकनळीचा भाव करायला शिकवणाऱ्या मिस्त्रीकाकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

जुन्या एकनळी बाराबोर बंदुकीचा रास्त भाव कसा करायचा, हे तुम्ही आम्हा परवानाधारक शेतकऱ्यांना बंदूक हातात देऊन समजावलंत. त्याबद्दल तुमचे मनापासून आभार. रोही (नीलगाई) अन् रानडुकरांपायी तुरी-हरभऱ्याच्या वावरात जागल करणाऱ्या आमच्या गावांत अशी बंदूक विकायला निघाली की भाव बहुतेक चकाकीवर ठरतो. तुम्ही आमची नजर नळीकडे वळवलीत.

बंदूक रिकामी असल्याची खात्री झाली की पुढचं लाकूड काढून नळी वेगळी करायची. आतून कोरडं फडकं फिरवायचं, कारण गंजाचे खड्डे तेलाखाली लपतात. मग नळी खिडकीच्या उजेडाकडे धरून सावकाश फिरवायची. उजेडाची रेघ सरळ धावली तर नळी चांगली, मध्येच वाकली तर तिथे पोचा. काळं कडं दिसलं तर नळी फुगलेली. नळीत चिखल किंवा कुंभारीण माशीचं घर राहिलं आणि तसाच बार काढला की ती अशी फुगते. वरून नवी काळी पॉलिश मारली तर हे कडं बाहेरून डोळ्याला दिसत नाही, बोटाला मात्र लागतं. अशा बंदुकीचा तुम्ही भावच करू दिला नाही.

बिजागरी तपासताना पुढचं लाकूड लावायचंच नाही, हे तर आम्हाला सुचलंच नसतं. त्याची स्प्रिंग ढिलेपणा झाकते. लाकडाविना नळी बसवून हलवली आणि खटखट वाजली, म्हणजे पिन झिजली. विकणाऱ्याकडे वापरलेलं काडतूस असेल तर त्याच्या बुडाची टोपी पाहायची: घोड्याच्या पिनेचा ठसा मधोमध हवा, एका बाजूला पडला असेल किंवा टोपी भोकसली असेल तर पैसे कापायचे.

सगळ्यात मोलाची गोष्ट घराच्या, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेच्या लांबीची. जुन्या कित्येक बंदुकांचं घर अडीच इंची असतं. पावणेतीन इंची काडतूस त्यात बिनबोभाट बसतं, कारण तोंड दुमडलेलं असताना ते आखूड असतं. बार उडताना तोंड उलगडतं, पुढच्या अरुंद भागात अडकतं आणि दाब वाढतो. म्हणून नळीवरचा घराच्या लांबीचा शिक्का वाचल्याशिवाय भावाचं बोलायचं नाही.

भावाची तुमची रीत साधी आहे. तशाच नव्या बंदुकीचा आजचा भाव दुकानात विचारायचा, त्याच्या वर जायचं नाही. मग दोषाप्रमाणे पैसे कापायचे: स्प्रिंग, घोड्याची पिन किरकोळ. मुठीजवळ तडकलेला दस्ता त्याहून महाग. ढिली बिजागरी सगळ्यात जास्त कापायची. परवानाधारक वारला की बंदूक जमा करावी लागते आणि घरचे मिळेल त्या भावाला देऊन टाकतात. त्यांच्या अडचणीचा फायदा घेऊ नका, हे तुम्ही दरवेळी बजावलंत. त्यासाठी तर विशेष आभार.

कागदाचंही तुमच्यामुळेच नीट कळलं. नळीवरचा नंबर परवान्याशी आकडा न् आकडा जुळवायचा. विक्रीची लेखी सूचना जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला दिल्यावर 45 दिवस उलटल्याशिवाय बंदूक हाती घ्यायची नाही. परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे, रोह्यासाठी अन् डुकरासाठी वनखात्याची परवानगी वेगळी लागते, हेही तुम्ही प्रत्येकाला सांगितलंत.

नवा हरभरा निघाला की एक पोतं तुमच्याकडे पोचतं करतो.

तुमचे,
जागलीवरचे शेतकरी