अरबी समुद्राखालच्या डोंगररांगेसाठी: केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, पृथ्वी विज्ञान मंत्रालय,
पृथ्वी भवन, लोधी रोड, नवी दिल्ली

मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या मंत्रालयाने आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरणाशी करार केला आणि कार्ल्सबर्ग या समुद्राखालच्या डोंगररांगेवरच्या दहा हजार चौरस किलोमीटर क्षेत्रात बहुधातू सल्फाइडचे (तांबे, जस्त अशा धातूंच्या गंधकयुक्त खनिजांचे) साठे शोधण्याचा हक्क भारताला मिळाला. हे क्षेत्र आमच्या अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्याहून मोठे आहे. बातमी वाचून मला आनंद झाला, हे आधी सांगतो. भूगोल शिकवण्यात माझी हयात गेली. 'जलमग्न पर्वतरांगा' हा मुद्दा पाठ्यपुस्तकात दोन-चार ओळींत उरकलेला असे आणि मी त्यावर दोन-दोन तास घेत असे. कारण त्या ओळींतली एक रांग, हीच कार्ल्सबर्ग, आमच्या किनाऱ्यापासून नैऋत्येला साधारण अठराशे किलोमीटरवर आहे, आणि तिचे आमचे नाते जुने आहे.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा वाहिला आणि त्याच्या थरांतून आजचा सह्याद्री उभा राहिला. तेव्हा सेशेल्स बेटांचा भूभाग आपल्या पश्चिम किनाऱ्याला चिकटलेला होता. पुढे सहा-सव्वासहा कोटी वर्षांपूर्वी तो सुटला, मधे भेग पडली, भेगेतून वितळलेला खडक वर येऊन गोठत राहिला आणि दोन्ही बाजूंना नवा सागरतळ पसरत गेला. ती भेग अजून मिटलेली नाही. तीच कार्ल्सबर्ग रांग. सेशेल्सच्या मुख्य बेटांवर आज ग्रॅनाइट दिसतो, आमच्याकडे बेसाल्टचा काळा कातळ, आणि मधल्या समुद्राचा तळ त्याच भेगेतून आलेल्या बेसाल्टचा. कोकणची किनारपट्टी जिथे आहे तिथे का आहे, याचे अर्धे उत्तर त्या रांगेत आहे.

रांग वर्षाला दोन ते तीन सेंटीमीटर पसरते. शिवराज्याभिषेकापासून आजपर्यंत अरबी समुद्र तिच्यापाशी आठ-दहा मीटर रुंदावला आहे. हे वर्गात सांगितले की मुले पावले मोजायला उठत.

सागरतळ पसरतो या कल्पनेला सुरुवातीचा मोठा आधार देणारी मोजणीही याच रांगेवरची आहे, आणि हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असते. अमेरिकन भूशास्त्रज्ञ हॅरी हेस यांनी १९६२ मध्ये सागरतळ पसरत असावा अशी कल्पना मांडली, पण पुरावा नव्हता. त्याच वर्षी 'एच.एम.एस. ओवेन' या जहाजावरून ब्रिटिश भूशास्त्रज्ञ ड्रमंड मॅथ्यूज यांनी कार्ल्सबर्ग रांगेवरच्या चुंबकीय क्षेत्राची मोजणी केली. तळाचे खडक पट्ट्यापट्ट्यांनी उलटसुलट चुंबकत्व दाखवत होते. पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव अधूनमधून उलटतात; शेवटचे ते सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी उलटले. गोठताना खडक त्या वेळची दिशा धरून ठेवतो. भेगेतून नवा खडक सतत येत असेल आणि जुना दोन्हीकडे सरकत असेल, तर भेगेच्या दोन्ही अंगांना सारखेच पट्टे उमटले पाहिजेत. मॅथ्यूज यांचे विद्यार्थी फ्रेड व्हाइन यांनी हा अर्थ लावला आणि सप्टेंबर १९६३ मध्ये दोघांचा छोटा लेख छापून आला. पृथ्वीचे कवच सरकत्या तुकड्यांचे आहे असे सांगणारा भूपट्टांचा सिद्धांत उभा राहिला त्यात या लेखाचा वाटा फार मोठा. झाडाच्या बुंध्यातल्या वर्तुळांसारखी ही नोंद, तीही आपल्या समुद्राखाली.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहितो आहे, ती. समुद्राचे पाणी रांगेतल्या भेगांतून खाली झिरपते, तापते, खडकातले तांबे, जस्त, लोह, थोडे सोने-चांदी विरघळवून घेते आणि पुन्हा वर उसळते. तळाजवळच्या थंडगार पाण्याशी गाठ पडताच धातूंची सल्फाइडे साचतात आणि त्यांचे धुराड्यासारखे मनोरे उभे राहतात. काही मनोऱ्यांतून निघणारे पाणी साडेतीनशे अंश सेल्सियसहून गरम असते. आमच्या कोकणात उन्हवरे, उन्हेरे, उन्हाळे अशी गावांची नावेच गरम पाण्याच्या झऱ्यांवरून पडली. ही त्यांचीच समुद्रतळावरची थोरली भावंडे म्हणायची. आपण जे साठे शोधणार आहोत ते इथे तयार झालेले असतात.

१९७७ मध्ये गालापागोसजवळ असे झरे माणसाने पहिल्यांदा पाहिले, तेव्हा त्यांच्याभोवती अंधारात गजबजलेली वस्ती सापडली. सूर्यप्रकाशावाचून, पाण्यातल्या हायड्रोजन सल्फाइडवर जगणाऱ्या जिवाणूंच्या आधारे ही वस्ती टिकते. हिंदी महासागरातल्या अशा झऱ्यांवर एक गोगलगाय राहते, जिच्या पायावर लोहाच्या सल्फाइडचे खवले असतात. असे चिलखत जगात दुसऱ्या कोणत्याही प्राण्याकडे आढळलेले नाही. ती २००१ मध्ये मध्य हिंदी महासागरी रांगेवर सापडली. २०१९ मध्ये तिची नोंद धोक्यातल्या प्रजातींच्या लाल यादीत झाली, आणि कारण होते खोल समुद्रातले संभाव्य खाणकाम. या कारणासाठी यादीत गेलेली ती पहिली प्रजाती. त्या वेळी तिच्या फक्त तीन वस्त्या माहीत होत्या. तिन्हींचे क्षेत्र मिळून साधारण दोन हेक्टर, म्हणजे आमच्याकडच्या एखाद्या बऱ्यापैकी आंबाबागेएवढे. आणि तिन्हींपैकी दोन जागा खनिजशोधाच्या परवान्यांखाली होत्या.

आपल्याकडचे काही तज्ज्ञ म्हणतील की झरे मरतात, नवे उगवतात, प्राणी पुन्हा येतात. पॅसिफिकमधल्या वेगाने पसरणाऱ्या रांगांवर हे बऱ्याच अंशी खरे आहे. तिथे झरे जवळजवळ असतात, लवकर विझतात आणि प्राण्यांना उलथापालथीची सवय असते. कार्ल्सबर्ग रांग संथ आहे. संथ रांगांवर झरे दूरदूर असतात आणि एकेक झरा हजारो वर्षे थांबत-थांबत चालू राहतो. म्हणूनच तिथे मोठे साठे साचतात आणि म्हणूनच खाणकामाचा डोळा तिथे जातो. पण तिथली वस्ती एकदा गेली तर शेजारून अळ्या वाहत येऊन ती पुन्हा भरेल, याचा भरवसा कमी.

मी खनिजांच्या विरोधात नाही. देशाला तांबे लागते आणि ते आपण बाहेरून आणतो. विझलेल्या झऱ्यांचे साठेही याच रांगांवर आहेत. त्यांच्यावर जीवसृष्टी वेगळी आणि सहसा विरळ असते. त्यांचा शोध जरूर घ्यावा, नीट अभ्यास करून घ्यावा. माझी मागणी जिवंत झऱ्यांपुरती आहे: भारताने आपल्या दोन्ही सल्फाइड क्षेत्रांत, म्हणजे २०१६ च्या कराराखालच्या मध्य आणि नैऋत्य हिंदी महासागरी रांगांवर व आता कार्ल्सबर्गवर, सक्रिय झरे आणि त्यांच्याभोवतीचा पट्टा खाणकामासाठी कायमचा वर्ज्य ठरवावा आणि तसे लेखी जाहीर करावे.

करारात एक बारकावा आहे, तो आपल्या अधिकाऱ्यांना ठाऊक असेलच. प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणे ठेकेदाराला, म्हणजे इथे भारताला, दहा वर्षांच्या आत दिलेल्या क्षेत्रापैकी पाऊण भाग परत करावा लागतो. कोणी म्हणेल, जिवंत झरे असलेले गट, म्हणजे क्षेत्राचे तुकडे, परत करून टाका, प्रश्न मिटला. तो मिटत नाही. परत केलेला गट उद्या दुसरा देश मागू शकतो. म्हणून गट हातात असतानाच, तिथली आपलीच माहिती पुढे ठेवून, तो संरक्षित व्हावा असा प्रस्ताव भारताने किंग्स्टनला, प्राधिकरणाच्या जमैकातल्या मुख्यालयात, मांडला पाहिजे. खाणकामाचे नियम तिथे अजून ठरत आहेत आणि प्राधिकरणाच्या परिषदेत आपली जागा आहे. कॅनडाने २००३ मध्येच आपल्या समुद्रातल्या एंडेव्हर झऱ्यांना संरक्षण दिले. आपल्याला वीस वर्षांनी का होईना, तिथवर जाता येईल.

माहितीबद्दल एक विनंती. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राच्या आणि चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मध्य हिंदी महासागरी रांगेवर सुमारे साडेचार हजार मीटर खोलीवरच्या सक्रिय झऱ्याचे चित्र टिपले. तो फोटो मी मोठा करून कितीदा तरी पाहिला. पुढे 'मत्स्य ६०००' ही पाणबुडी तीन माणसांना सहा हजार मीटर खाली नेईल. या मोहिमांमधून जमा होणारी जीवसृष्टीची, पाण्याची, तळाची नोंद खाणीचा प्रश्न येण्याआधी लोकांसमोर यावी. ती इंग्रजीतल्या अहवालांत न अडकता मराठी-कोंकणीतही यावी. गोव्यात लोहखाणी २०१२ मध्ये थांबल्या, त्यानंतर नद्यांत आणि शेतांत आधी काय होते यावर वाद होत राहिले. आधीची मोजणी हाताशी नसली की असेच होते. समुद्राच्या तळाशी तर नंतर साक्ष द्यायला गावकरीही नसतील.

गोव्यात दोना पावला आणि वास्को इथे देशाच्या दोन मोठ्या सागरसंशोधन संस्था आहेत. तिथून कार्ल्सबर्ग रांगेचा एक भिंतीवर लावण्याजोगा नकाशा कोकणातल्या आणि गोव्यातल्या प्रत्येक माध्यमिक शाळेत पाठवावा. खर्च थोडा आहे. सक्रिय झऱ्यांच्या जागा त्यावर लाल ठिपक्यांनी दाखवाव्यात आणि खाली लिहावे की इथे खाणकाम होणार नाही.

आपल्या उत्तराची वाट पाहतो.

आपला,
भूगोलाचा एक निवृत्त शिक्षक,
जिल्हा रत्नागिरी