रंग गेला, विषाचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नॅनो पदार्थ टाकून उन्हात ठेवलेले रंगीत पाणी तासाभरात नितळ झाल्याची बातमी अधूनमधून कुठल्या ना कुठल्या प्रयोगशाळेच्या नावाने छापून येते. बातमी खोटी नसते. पण माझी नोकरी इचलकरंजीत डाईंग मास्टर म्हणून झाली, त्यामुळे मला आधी विचारावेसे वाटते की पाणी कोणते घेतले होते?

यातला मुख्य पदार्थ, टिटॅनियम डायऑक्साइड, आम्हा कापडवाल्यांच्या चांगल्या ओळखीचा. पॉलिस्टर धाग्याची चकाकी मारायला तो घालतात, ‘सेमी-डल’ धागा म्हणतात तो हाच. भिंतीच्या रंगात पांढरेपणा त्याचाच. जुन्या, उन्हातल्या भिंतीवरून हात फिरवला की पांढरी भुकटी लागते, त्यातही त्याचा वाटा असतो. अतिनील किरण पडले की या पदार्थातला इलेक्ट्रॉन जागा सोडतो, मागे राहिलेली रिकामी जागा पाण्यापासून हायड्रॉक्सिल मूलके, म्हणजे झटकन भिडणारे अर्धवट रेणू, बनवते आणि ती समोर येईल तो सेंद्रिय रेणू फोडत सुटतात. भिंतीचा रंग असा फुटू नये म्हणून कारखानदार कणांवर सिलिका-अॅल्युमिनाचा थर देतात. सांडपाण्यात मात्र हेच फुटणे हवे असते. होंडा आणि फुजिशिमा या जपानी शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये या पदार्थावर प्रकाश पाडून पाण्याचे विघटन करून दाखवले. १९७७ मध्ये अमेरिकेत त्याच्या भुकटीने पाण्यातले सायनाइडही निकामी झाले. म्हणजे पाया पक्का आहे.

अडचण अशी, की उन्हात अतिनील किरण जेमतेम चार-पाच टक्के. शिवाय सुटलेला इलेक्ट्रॉन क्षणात आपल्या जागी परततो आणि सगळा खेळ संपतो. म्हणून पदार्थात ‘सुधारणा’ करतात. नायट्रोजन मिसळला की तो दृश्य प्रकाशातही काम करू लागतो. चांदीचे बारीक कण बसवले की ते इलेक्ट्रॉन धरून ठेवतात. नॅनो आकाराचा फायदा पृष्ठभागात आहे: बाजारात मिळणाऱ्या एका नेहमीच्या भुकटीच्या एका ग्रॅमला सुमारे ५० चौरस मीटर पृष्ठभाग असतो.

आता पाण्याकडे येतो. प्रयोगात बहुतेकदा ऊर्ध्वपातित पाण्यात लिटरमागे काही मिलिग्रॅम मिथिलीन ब्लू हा निळा रंग घेतात. हा रंग स्वतःच प्रकाश शोषतो, त्यामुळे श्रेय भुकटीचे किती आणि रंगाच्या कच्चेपणाचे किती, हे वेगळे काढणे अवघड. आमचे रिअॅक्टिव्ह रंग, म्हणजे सुताशी रासायनिक बंध जोडणारे रंग, उन्हात टिकावेत म्हणूनच बनवलेले, गिऱ्हाइकाला तशी हमी देऊनच आम्ही ते वापरले! गडद छटेला डायबाथमध्ये, म्हणजे रंगवण्याच्या पाण्यात, लिटरमागे ६० ग्रॅमच्या आसपास मीठ पडते, वर सोडा अॅश. धुलाईच्या पाण्याबरोबर हे सगळे गटारात येते, सोबत सायझिंगची, म्हणजे विणण्याआधी सुताला लावलेली, खळ आणि साबण. मिठातले क्लोराइड आणि सोड्यातले कार्बोनेट त्या मूलकांना रंगाआधीच गिळतात, आणि काळ्या पाण्यात प्रकाश बोटभरही खाली उतरत नाही. मीठ तर या प्रक्रियेने जातच नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. कापडाच्या रंगांतला एक मोठा गट अझो रंगांचा; त्यातला नायट्रोजनचा दुहेरी बंध तुटला की रंग जातो, रेणूचे उरलेले तुकडे राहू शकतात. काही अझो रंगांपासून सुटणारी अमाईन नावाची संयुगे कर्करोगकारक असतात, म्हणूनच १९९४ मध्ये जर्मनीने त्या रंगांवर बंदी घातली आणि निर्यातदारांची प्रमाणपत्रांसाठी धावपळ उडाली. तेव्हा ‘९८ टक्के रंग गेला’ एवढ्याने माझे समाधान होत नाही. सीओडी (पाण्यातली घाण रासायनिकरीत्या जाळायला लागणारा ऑक्सिजन) किती उतरला, एकूण सेंद्रिय कार्बन किती उरला, ते आकडे हवेत. भुकटी परत कशी काढली, हेही. इतके बारीक कण दुधासारखे पाण्यात तरंगत राहतात, खाली बसत नाहीत; काचेवर वा मातीच्या मण्यांवर चिकटवले तर हाती राहतात, पण काम मंदावते.

मी या तंत्राच्या विरोधात नाही. जैविक प्रक्रिया होऊन, गाळून आलेल्या फिकट पाण्यात जे औषधांचे, कीटकनाशकांचे अंश जिवाणूंना पचत नाहीत, त्यांच्यासाठी हे शेवटच्या टप्प्यावर उत्तम. स्पेनमध्ये अल्मेरियाजवळच्या सौर केंद्रात आरशांसमोरच्या काचनळ्यांतून दूषित पाणी फिरवून अनेक वर्षे असे काम चालले आहे. पहिल्या टप्प्याला मात्र ते पर्याय नाही. पंचगंगेवरच्या तेरवाड बंधाऱ्यावर मासे मरतात तेव्हा जाहीर चर्चा नव्या तंत्राची होते आणि आहे ते सांडपाणी प्रक्रिया केंद्र रात्री चालू होते का, हे विचारायचे राहून जाते.

आपल्याला विनंती एवढीच, की अशी बातमी देताना वार्ताहराने पाणी कुठले, सीओडी आधी-नंतर किती आणि तीच भुकटी किती वेळा वापरली, हे विचारून छापावे. आणि आपल्या भागातल्या प्रयोगशाळांनी एखादी चाचणी प्रोसेसच्या, म्हणजे कापड रंगवणाऱ्या कारखान्याच्या, आउटलेटवरच्या पाण्यावर, तीही जुलैच्या ढगाळ आठवड्यात घ्यावी. प्रोसेस पावसाळ्यातही तिन्ही पाळ्यांत चालतात.

आपला,
एक निवृत्त डाईंग मास्टर,
इचलकरंजी