आधी वजन विचारणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

नाना पेठेतल्या तुमच्या गॅरेजात आलो तेव्हा मी मोबाइलमध्ये फोटो घेऊनच आलो होतो. लाल स्प्रिंग, बाजूला सोनेरी डबा. "हेच शॉकअप बसवायचेत." तुम्ही फोटोकडे बघितलंसुद्धा नाहीत. "वजन किती तुझं?"

मला चेष्टा वाटली. ८२ म्हणालो. "आणि मागं कोण बसतं?"

त्याआधी मी तीन दुकानं फिरलो होतो. किंमत सगळ्यांनी सांगितली, एकाने तर "सेम टू सेम ओलिन्स" (ती शॉकअपची महागडी स्वीडिश कंपनी) म्हणून शपथ घेतली. हा प्रश्न मात्र कुणी विचारला नाही. माझी साडेतीनशे सीसीची मोटारसायकल ७१ हजार किलोमीटर पळालेली. महिन्यातून एकदा ताम्हिणी घाटातून माणगावला, बायकोच्या माहेरी. खड्ड्यात शॉकअप खाली टेकला की तिच्या कमरेतून कळ जायची. उपाय म्हणून मी प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवायची सोय, शेवटच्या खाचेवर नेऊन ठेवला होता. त्याने एकट्याला गाडी उडायला लागली आणि डबलसीट टेकायची ती टेकतच राहिली.

तुम्ही म्हणालात, "प्रीलोडनं स्प्रिंग कडक होत नाही रे, गाडी नुसती वर उचलते. रविवारी सूनबाईंना घेऊन ये."

तो रविवार विसरणार नाही. आधी गाडी मेन स्टँडवर, मागचं चाक लोंबतं. अ‍ॅक्सलपासून सीटखालच्या खुणेपर्यंत टेप. मग आम्ही दोघं वर, बॅगेसकट, आणि तुम्ही गुडघ्यावर बसून पुन्हा टेप लावलीत. फरक ५२ मिलिमीटर! चाकाची एकूण चालच ८० ची. "तिसरा हिस्सा बसायला हवी, तू निम्म्याच्या वर खाऊन बसलायस," हे तुम्ही जुन्या बिलाच्या पाठीवर पेन्सिलने मांडून दाखवलंत. मग सीट दाबून सोडलीत, गाडी तीनदा डुलली. डँपिंग, म्हणजे स्प्रिंगचं डुलणं रोखायची ताकद, संपलं, हे वेगळं सांगावं लागलं नाही.

माझ्या आवडीचा तो लाल शॉकअप भोकाच्या मध्यापासून मध्यापर्यंत २० मिलिमीटर लांब निघाला. मागून गाडी उंच झाली असती, साइड स्टँडवर भलतीच कलली असती, हँडलची वागणूकही बदलली असती. ते मी पैसे मोजून घरी आणणार होतो!

तुम्ही सुचवलेले दिसायला साधे, काळे. पण लांबी मूळचीच, स्प्रिंग आमच्या दोघांच्या वजनाची आणि रिबाउंड (दबलेली स्प्रिंग किती हळू परत उघडते ते) कमी-जास्त करायची सोय. वरच्या भोकातला बुश सैल बसत होता, तर शेजारच्या लेथवरून स्लीव्ह, म्हणजे धातूची छोटी नळी, करून आणलीत. ते काम बिलात कुठेच नाही, हे मी घरी गेल्यावर पाहिलं. बिलाच्या मागे फक्त एवढंच : 'रिबाउंड पूर्ण बंद करून मग उलट फिरवत मोजायचं. एकटा ८ टिक, डबलसीट ५.'

परवा ताम्हिणीत निवे गाव ओलांडलं तरी मागून एक शब्द नाही. काळजी वाटून आरशात बघितलं, तर बाईसाहेब माझ्या पाठीवर डोकं टेकून झोपलेल्या. आधी खूप बरं वाटलं, मग घाटात झोपल्याबद्दल ओरडलो.

हजार किलोमीटरला नट आवळायला ये म्हणाला होतात. ९४० झालेत. शनिवारी येतो. सासूबाईंनी तुमच्यासाठी आमसुलं दिलीत, ती बिलात धरू नका.

तुमचा,
८२ किलोवाला