गाव निवृत्त झालेलं नसतं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या वाचकपत्रांत एका निवृत्त अधिकाऱ्यांचं पत्र वाचलं. शहरातला फ्लॅट विकून ते सपत्नीक खेडेगावात राहायला गेले आणि तिथे पहाटेचा ट्रॅक्टर, कोंबडे, शेजारच्या गोठ्यातलं यंत्र आणि शेणखताचा वास यांनी दोघांना नकोसं करून सोडलं आहे. सकाळी सातच्या आत यंत्रं लावायला बंदी घालावी आणि घरांलगतच्या शेतात खत टाकू देऊ नये, अशी त्यांची मागणी आहे. मीही साठी उलटल्यावरच गावात राहायला आलेली. त्यांचा त्रास खोटा नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. मागणी मात्र पटली नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी त्रासाबद्दल, कारण ‘गावात कसली आली गडबड’ असं म्हणून हसणारे पुष्कळ भेटतात. मी उभा जन्म शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं, त्यामुळे मला यात जरा जास्तच रस. शहरात आवाज अखंड असतो. त्या घरघरीत एखादा वेगळा आवाज बुडून जातो आणि आपण झोपून राहतो. गावात रात्री मागचा सगळा गलका थांबलेला असतो, त्यामुळे एकच इंजिन सुरू झालं तरी ते अंगावर येतं. त्यात रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतची हवाही गार होते आणि वरचा थर त्यामानाने उबदार राहतो. गार हवेत ध्वनीचा वेग कमी, म्हणून वर निघालेला आवाज वाकून पुन्हा खाली येतो आणि लांबवर पोचतो. दूरच्या विहिरीवरचं इंजिन पहाटे उशाशी चालू असल्यासारखं वाटतं, ते यामुळे. उन्हं चढली, जमीन तापली की हेच उलटं होतं. दुपारी तेच इंजिन चालू असतं, पण ऐकूच येत नाही.

उरलेली करामत आपल्या वयाची. वय वाढतं तशी गाढ झोप कमी होते आणि शरीराचं घड्याळ लवकरच्या वेळेकडे सरकतं, म्हणून बारीकशा आवाजानेही जाग येते. कान जातात तेही आधी वरच्या पट्टीचे. ‘स’, ‘श’, ‘फ’ ही अक्षरं निसटू लागतात, पण इंजिनाची खालच्या पट्टीतली घरघर शाबूत राहते. आमच्या घरी ह्यांना मी काय बोलले ते ऐकू येत नाही, पण लांबच्या शेतातला ट्रॅक्टर कुठल्या गिअरमध्ये आहे ते अचूक कळतं. (बायकोचं बोलणं ऐकू न येण्याला सगळा दोष वयाचाच असतो का, याबद्दल मला शंका आहे, पण तो विषय वेगळा.)

आमच्या ह्यांनी तर मोबाइलवर आवाज मोजायचं अ‍ॅप घेऊन वहीच घातली होती. तारीख, वेळ, डेसिबल, शेरा. ड्राफ्ट्समनची नोकरी केलेला माणूस, रकानेही पट्टीने आखलेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २००९ साली रात्रीच्या आवाजासाठी ४० डेसिबलची शिफारस केली होती, ती पहिल्या पानावर लाल शाईत. हा आकडा घराबाहेरच्या आवाजाच्या वर्षभरातल्या रात्रींच्या सरासरीचा आहे, एका कोंबड्याच्या एका बांगेचा नव्हे, हे मी सांगून पाहिलं. वही चालूच राहिली.

कोंबड्याचा विषय निघालाच आहे तर सांगते. त्याला उजाडल्याचं कळतं म्हणून तो आरवतो असं नाही. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिलं की सतत मंद उजेडात ठेवलेले कोंबडेसुद्धा आपल्या शरीरातल्या घड्याळाप्रमाणे आरवतात. पुढे २०१५ साली त्यांनीच दाखवलं, की कळपात सगळ्यात वरच्या मानाचा कोंबडा आधी आरवतो आणि बाकीचे उतरत्या क्रमाने. तेव्हा सातच्या आत बंदी घालायचीच तर तो कागद नेमका कोणाच्या हातात द्यायचा, एवढं तरी विज्ञानाने स्पष्ट केलं आहे.

गंमत सोडा, पण हा वाद खरोखर कोर्टात जाऊन आला आहे. फ्रान्समध्ये ओलेराँ नावाच्या बेटावर मॉरिस नावाचा कोंबडा होता. तिथे सुट्टीचं घर असलेल्या एका निवृत्त दांपत्याने त्याच्या आरवण्याविरुद्ध दावा लावला. सप्टेंबर २०१९ मध्ये रोशफोरच्या कोर्टाने निकाल मॉरिसच्या बाजूने दिला आणि वर नुकसानभरपाई दाव्यातल्या दांपत्याकडूनच देववली. मॉरिस पुढच्याच वर्षी मेला, पण जानेवारी २०२१ मध्ये त्या देशाने कायदा करून ग्रामीण भागातले आवाज आणि वास हा तिथला वारसा मानला. एप्रिल २०२४ मध्ये आणखी एक कायदा झाला. शेजारचा उद्योग तुम्ही राहायला येण्याआधीपासून चालू असेल, नियमांत बसत असेल आणि त्याचा त्रास नंतर वाढलेला नसेल, तर त्याविरुद्ध शेजारी म्हणून तुम्हाला दाद मागता येत नाही. मला यातलं ‘आधीपासून’ हे कलम फार आवडलं. आपण उशिरा आलेलो असतो. गोठा, गिरणी, विहीर, पायवाट सगळं जागेवर असतं, आणि आपण आयत्या बिळावरच्या नागोबासारखे येऊन बिळाचं तोंड कुठल्या दिशेला असावं ते सांगू लागतो.

याचा अर्थ गावात सगळंच सहन करावं असा नाही. मध्यरात्रीपर्यंत चालणारे कर्णे हे कोणाच्या पोटापाण्याचं काम नाही. त्याविरुद्ध तक्रार करायला मी पुढे असते आणि त्यात गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचीही साथ असते. पण गोठ्यातलं काम पहाटे होतं, कारण गुरं रविवार पाळत नाहीत. नांगरट भल्या पहाटे सुरू होते ती ऊन टाळायला.

आमच्या शेजारच्या गोठ्यात कडबाकुट्टी आहे. ती चालू झाली की आमच्या झोपायच्या खोलीतलं कपाट थरथरायचं, काचेची तबकं किणकिणायची. ह्यांच्या वहीत या एका यंत्रालाच स्वतंत्र पानं होती. मी एकदा संध्याकाळी, काम आटोपायच्या वेळेला, पलीकडे गेले आणि यंत्र दाखवा म्हटलं. शेजारीणबाईंना वाटलं, बाईंना गवत कापायचं असेल. (मला सगळे ‘बाई’च म्हणतात, मास्तरकीचा वास काही जात नाही.) यंत्राचे पाय सिमेंटच्या ओट्यात बोल्टने गच्च आवळलेले आणि तो ओटा थेट दोन्ही घरांमधल्या भिंतीला चिकटवून ओतलेला. म्हणजे ती थरथर हवेतून येतच नव्हती, भिंतीतून येत होती. खिडकी कितीही घट्ट लावली तरी काय उपयोग होणार? त्यांच्या मुलाने यंत्र ओट्यावरून उतरवून भिंतीपासून लांब घेतलं आणि पायाखाली जुन्या टायरचे जाड तुकडे घातले. कपाट थांबलं. घरघर अजून येते, ती कामाची आहे, येऊ दे. ‘आधी का नाही बोललात बाई?’ असं त्या म्हणाल्या. उत्तर वहीत होतं, पण ती मी दाखवली नाही.

वासाचंही असंच. खत पसरल्यावर त्यातला अमोनिया बहुतेक पहिल्या दिवसभरातच उडून जातो आणि खत लगेच मातीत मिसळलं तर पुष्कळ कमी उडतो. शेतकऱ्यालाही ते हवंच असतं, कारण उडून जातो तो त्याचाच नत्र. खत कधी टाकणार ते आम्ही विचारून ठेवतो आणि त्या दिवशी धुतलेले कपडे बाहेर घालत नाही. यासाठी सरकारी आदेश कशाला हवा?

आता पत्रलेखक महाशयांना मुख्य गोष्ट सांगायची आहे. मी मुलीकडे गेले होते, हे घरी एकटेच होते. ह्यांचा शिरस्ता असा, की पहाटे कडबाकुट्टी सुरू झाली की उठायचं आणि मागची खिडकी धाडकन लावायची. निषेध म्हणून. शेजारीणबाईंना तो निषेध आहे हे कधी कळलंच नव्हतं. त्यांच्या लेखी, काका उठले. त्या दिवशी यंत्र सुरू झालं आणि खिडकी वाजली नाही. त्यांनी काम थांबवून हाका मारल्या, उत्तर नाही, तशी मुलाला भिंतीवरून पलीकडे उतरवलं. हे न्हाणीघरात पडलेले, खुब्याला मार, उठता येत नव्हतं. म्हातारपणी पडून तासापेक्षा जास्त वेळ जमिनीवर राहिलं, तर नुसत्या दबून राहण्याने स्नायूंना इजा होते, मूत्रपिंडांपर्यंत त्रास जातो. त्यांना त्याच्या आत गाडीत घातलं गेलं. हाच पक्षाघाताचा झटका असता, तर रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि गावापासून इस्पितळाचा रस्ताही त्याच वेळात धरावा लागतो. शहरातल्या आमच्या मजल्यावर चार दारं होती. चारही बंद असायची आणि शांतता उत्तम होती.

सातच्या आत यंत्रांना बंदी घातली, तर सातच्या आत शेजारी जागं कोण असणार, हा माझा प्रश्न आहे.

आपल्या पुरवणीत ‘निवृत्तीनंतरचं गावातलं घर’ यावर सुंदर फोटो येतात. झोपाळा, अंगण, मावळता सूर्य. त्याच्याच शेजारी एक चौकट छापावी ही विनंती. घर बघायला सुट्टीच्या दुपारी जाऊ नका, कामाच्या दिवशी पहाटे जा, जमलं तर शेजारी कोणाकडे रात्र काढा. झोपायची खोली गोठ्याच्या नव्हे, विरुद्ध बाजूला घ्या. खताचा खड्डा कुठे आहे आणि वारा कुठून येतो ते बघा. न्हाणीघराचं दार बाहेर उघडणारं करा, कारण आतला माणूस दाराशीच पडला तर आत उघडणारं दार उघडत नाही. इस्पितळाचं अंतर किलोमीटरमध्ये विचारू नका, पावसाळ्यातल्या रात्री किती वेळ लागतो ते विचारा. गाडी चालवणारा एकटाच असेल, तर दुसऱ्याने आजच शिकायला घ्यावं. साठीत आवडलेल्या घरात ऐंशीलाही राहायचं असतं, पायऱ्या त्या हिशेबाने मोजा.

ह्यांचा खुबा आता बरा आहे. वही बंद झालेली नाही, पण शेऱ्याच्या रकान्यात हल्ली कोणाकडे काय चाललं आहे तेच जास्त असतं. खिडकी मात्र ते रोज तेवढ्याच जोरात लावतात, आणि आता मीच त्यांना तसं बजावून ठेवलं आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका

(पत्र छापल्यास नाव व पत्ता देऊ नये. शेजारीणबाईंकडेही आपलाच पेपर येतो आणि ती खिडकी निषेधाची होती, हे त्यांना अजून माहीत नाही.)