डॅटसनच्या सुट्या भागांसाठी धावून आलेल्यांचे आभार

माझी १९७३ची डॅटसन २४०झेड ही जपानी स्पोर्ट्स कार येथे कॅलिफोर्नियात पुन्हा रस्त्यावर यावी म्हणून ज्या अनोळखी मंडळींनी हातभार लावला, त्या सर्वांचे मी मनःपूर्वक आभार मानतो. त्या वर्षीचे सपाट माथ्याचे कार्ब्युरेटर (इंजिनाला हवा-पेट्रोलचे मिश्रण पुरवणारे भाग) इंजिन तापले की त्रास देतात, म्हणून आधीच्या गाड्यांवरील गोल घुमटाच्या, हिताची कंपनीच्या कार्ब्युरेटरची जोडी मी वर्षभर शोधत होतो. भंगारवाड्यातील एका वृद्ध गृहस्थांनी ती गंजलेल्या गाडीतून स्वतः सोडवून, प्रत्येक स्क्रू वेगळ्या पुडीत बांधून माझ्या हाती दिली. बॅटरीखालच्या पत्र्याची गंजून चाळण झाली होती, त्या जागी बसवायला धड तुकडा कापून पाठवणाऱ्या ताईंनी तर टपालखर्चही घेतला नाही. परवा २.४ लिटरचे ते सहा सिलिंडरचे इंजिन पहिल्याच चावीला सुरू झाले.